बाईंनी मागे घेतलेली शिट्टी

बाईंच्या घरात पाऊल टाकायचं तर आधी नातीगोती समजून घ्यावी लागतात, आणि तीही कुत्र्यांची. मी शेजारी राहायला आले तेव्हा साखर मागायला म्हणून त्यांच्या दारात उभी होते. बाईंनी माझ्याकडे पाहायच्या आधी माझी चप्पल हुंगणाऱ्या कुत्रीची ओळख करून दिली. "ही टाचणी. दारामागे आहे तो तिचा मामा. कपाटाखालची शेपटी मावशीची. आणि खुर्चीखाली बसलाय तो चुलतभाऊ, पण त्याच्याशी सध्या आमचं बोलणं नाही."

"का हो?"

"चप्पल खाल्ली. तुमचीही सांभाळा."

साखर मिळाली. पुढे काही महिन्यांनी टाचणीची बहीण बटणही मिळाली. ती अजून माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आडवी पडून असते आणि मी तिला ओलांडत घर चालवते.

बाई म्हणजे शाळेतल्या कवायतीच्या बाई. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी पांढरे बूट आणि गळ्यातली पितळी शिट्टी सुटली नव्हती. गावात मागे सगळे त्यांना शिट्टीबाई म्हणत, तोंडावर नुसतं बाई. एक लांब शिट्टी वाजली की घरातली सगळी कुत्री ओळीत येत, दोन आखूड वाजल्या की बसत. एकदा मीटर पाहायला आलेला माणूस त्या दोन आखूड शिट्ट्यांवर बाकावर बसला तो बाईंनी सांगेपर्यंत उठला नाही. चौकशी केली तर त्यांचाच विद्यार्थी निघाला.

शाळेच्या मैदानावर बाईंनी आयुष्यभर पंचगिरी केली, आणि वाजवलेली शिट्टी कधी मागे घेतली नाही. चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, हे अख्ख्या गावाने डोळ्यांनी पाहिलेलं असो, बाई म्हणाल्या बाहेर तर बाहेर. आमचे पोस्टमन तेव्हा शाळेच्या संघात होते. अंतिम सामन्यात त्यांचा शेवटचा फटका रेषेवर पडला होता असं त्यांचं म्हणणं. बाईंचं म्हणणं, नव्हता पडला. पोस्टमनच्या मिशा पांढऱ्या झाल्या, पण टपाल देताना आठवड्यातून एकदा तरी तो चेंडू पुन्हा पडायचाच.

"बाई, चुना उडालेला मी पाहिला होता."

"चुना तुमच्या डोळ्यात गेला होता. पत्र द्या."

कुत्र्यांचं वेड मुळात बाईंचं नव्हे, त्यांच्या यजमानांचं. यजमान आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघांचं मिळून सायकलचं दुकान. यजमानांनी कुठल्याशा लांबच्या गावाहून सायकलच्या मागे टोपलीत घालून एक टेरियर आणला. आखूड पायांचा, दाढीवाला, काथ्यासारख्या राठ केसांचा. त्याचा रुबाब बघून नाव ठेवलं हवालदार. मागोमाग जोडीदारीण आली, आणि घराणं वाढलं. पिल्लांची नावं घरातल्या पेट्यांमधून निघत. शिवणाच्या पेटीतून टाचणी, बटण, आणि बऱ्याच नंतरच्या वेतातला रीळ. हत्यारांच्या पेटीतून पाना, पक्कड, हातोडी. यजमान अचानक गेले तेव्हा दुकान दिराकडे राहिलं आणि कुत्री निम्मी निम्मी झाली. भांडण मुळीच झालं नाही. टोमणे मात्र दोन्हीकडून चालू राहिले. दिराकडच्या कुत्र्यांना बाई 'तेलकट शाखा' म्हणत. दीर, ज्यांना आम्ही सगळे बाईंमुळे भाऊजीच म्हणतो, ते बाईंच्या कुत्र्यांना 'सरकारी नोकर' म्हणत.

या जातीचे केस कात्रीने कापत नाहीत. जुना झालेला केस दोन बोटांच्या चिमटीत धरून उपटायचा असतो. त्याने कुत्र्याला दुखत नाही, उलट सुखाने डोळे मिटतात. बाई शिलाई मशीनच्या जुन्या टेबलावर एकेकाला उभं करून दुपारभर हे काम करीत, आणि मी समोर बसून भाजी निवडत असे. तिथेच एका दुपारी रीळ टेबलावर उभा राहीना. मागचे पाय अळवाच्या देठासारखे दुमडत.

"सरळ! सरळ उभा राहा!" बाईंनी दटावलं. रीळ शेपटी हलवत उठला आणि पुन्हा बसकण मारली.

आधी आम्ही हसलो. तो वळणावर घसरायचा, दारातून आत येताना त्याचं मागचं धड चौकटीवर आपटायचं, तेव्हाही हसलो होतो. आठ-दहा महिन्यांचं पोर, मस्ती करतं, असं वाटलं. मग हसू आटलं. रीळला भांड्यापर्यंत जाताना तोल सावरेना, भांड्यात तोंड घालताना मान डुलायला लागली. प्राण्यांच्या डॉक्टरांनी पायांना काही झालेलं नाही म्हणून सांगितलं. बिघाड होता मेंदूतल्या तोल सांभाळणाऱ्या भागात, आणि तो जन्माबरोबर आलेला. औषध नव्हतं. शेवटी रीळला पाणीही पिता येईना, तेव्हा बाईंनी त्याला मांडीवर घेऊन डॉक्टरांना मान डोलावली. त्या दिवशी घरी येताना त्यांनी माझा हात धरला होता. एवढंच. रडताना त्यांना मी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र जाहीर करून टाकलं. "हे रक्तातून आलंय म्हणजे आणखी कुणात असणार. कुणात, ते कळेपर्यंत या घरात पिल्लू जन्माला येणार नाही."

बोलणं सोपं होतं. पण बाईंकडे वेत होण्याजोगी एकटी टाचणीच उरली होती, आणि तीही काही कायम तरुण राहणार नव्हती. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की आणखी दोनेक वर्षांनी तिला आई करणं तिच्या जिवावर बेतेल. म्हणजे तोवर उत्तर मिळालं नाही, तर यजमानांनी टोपलीतून आणलेलं घराणं बाईंच्या दारात संपणार. बाई टाचणीचे केस उपटता उपटता म्हणाल्या, "यांचं दुकान मला चालवता आलं नसतं. हे एवढं एक चालवत होते."

डॉक्टरांनीच एका विद्यापीठातल्या प्रयोगशाळेचा पत्ता दिला. तिथे कुत्र्यांच्या आनुवंशिक आजारांवर संशोधन चालतं. तिथल्या संशोधक मुलीने फोनवर सगळं समजावलं. मग बाईंनी ते मला समजावलं, आणि मग पुढे सगळ्या गावाला, भाजीची पिशवी हातात धरून.

"ह्या पिशवीला बंद किती? दोन. एक आईकडून येतो, एक बापाकडून. एक तुटका असला तरी पिशवी हातात राहते, कुणाला कळतसुद्धा नाही. पण आईकडूनही तुटका आला आणि बापाकडूनही तुटकाच आला, तर?" इथे त्या दोन्ही बंद सोडून देत. "बटाटे रस्त्यावर. आमच्या रीळचं हेच झालं."

तेव्हापासून आमच्याकडे दोनबंदी कुत्री आणि एकबंदी कुत्री असे शब्द रूढ झाले. अडचण एवढीच, की एकबंदी कुत्रं दिसायला धडधाकट. कुठला बंद तुटलाय हे शोधायला त्या मुलीला एकट्या रीळवरून भागत नव्हतं. घराण्यातली आणखी आजारी कुत्री हवी होती, त्यांचे निरोगी भाऊबहीण, आईबाप हवे होते. काम अगदी सोपं, गालाच्या आतून एक छोटा ब्रश फिरवायचा, वाळवायचा, पाकिटात घालून पाठवायचा.

सोपं काम घेऊन बाई दारोदार फिरल्या आणि दारोदार चहा पिऊन परत आल्या.

औषधाच्या दुकानवाल्यांकडे याच जातीचा, पण भलत्याच घराण्यातला कुत्रा होता. एक कान उभा, एक पडका. ते म्हणाले, "बाई, माझ्याचा तुमच्या खानदानाशी संबंध काय?" संबंध नाही म्हणूनच तुलनेला हवाय, असं बाईंनी नीट सांगायला हवं होतं. त्याऐवजी त्या म्हणाल्या, "तेही खरंच. हा टेरियर कुठे, हे तर पायपुसणं." तिथलं बोलणं तिथेच संपलं.

घराण्यातली पिल्लं ज्यांच्याकडे गेली होती, त्या बाकीच्यांनी एकच पालुपद लावलं. "आधी भाऊजींकडचे नमुने आणा, मग आमचे." त्यांचंही चुकत नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. कुत्र्यात खोट आहे हे एकदा बाहेर पडलं, की पिल्लांना कोण विचारतो?

म्हणून आम्ही भाऊजींच्या घरी गेलो. दुकानामागेच घर, मधे एक दार. तिथे नुकतंच वेत झालेलं होतं, पाच पिल्लं, गुबगुबीत. जाऊबाईंनी चहा ठेवला. भाऊजी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होते.

"आमच्याकडची सगळी ठणठणीत आहेत, वहिनी."

"मग द्यायला काय हरकत? ठणठणीतांचेही हवेत."

"तुमच्या त्या प्रयोगशाळेनं उद्या म्हटलं की आमच्यात खोट आहे, तर?"

"तर ती खोट आधीपासूनच असेल, भाऊजी. प्रयोगशाळा काय टपालाने खोट पाठवते?"

जाऊबाई पदराआड हसल्या. भाऊजींनी हात पुसले. "घ्या. पिल्लांचे घ्या, त्यांच्या आईचे घ्या. एकदा तुमच्या मनाचं समाधान होऊ दे."

पिल्लांनी आकाशपाताळ एक केलं. ब्रश तोंडाजवळ नेला की किंकाळ्या. बाई बाहेरून कितीही कडक असल्या तरी पिल्लांपुढे लोणी. त्या प्रत्येकाला उचलून आईला लावत, जरा चुपचुप पिऊ देत, आणि तृप्त झालं की अलगद गालात ब्रश फिरवीत. पाकिटं भाऊजींनीच डकवली आणि पंक्चर काढायला आलेल्या पोस्टमनच्या हाती दिली.

काही दिवसांनी बाईंच्या फोनवर निरोप आला. पाचही पिल्लांचे नमुने निकामी, प्रत्येकात दुसऱ्या कुत्र्याच्या पेशी मिसळलेल्या आहेत.

बाईंनी तो निरोप एकदाच वाचला आणि पांढरे बूट चढवले. मी "अहो, आधी फोन तरी करा" म्हणेपर्यंत त्या रस्त्याला लागल्याही होत्या. मी धापा टाकत मागून पोचले तेव्हा दुकानात चार गिऱ्हाइकं होती, आणि बाईंनी खरोखरच शिट्टी वाजवली. कर्कश, लांब. सगळे थिजले.

"पाकिटं कुणी डकवली? तुम्ही. ब्रश दुसऱ्या कुत्र्याच्या तोंडात कुणी घातले? मुद्दाम केलंत, भाऊजी. उत्तर यायला नको होतं तुम्हाला."

भाऊजींच्या हातातला पाना खाली पडला. त्यांनी गिऱ्हाइकांना हाताने बाहेर काढलं आणि शटर अर्ध्यावर ओढलं. त्या अर्ध्या शटरमागून आवाज आला, "वहिनी, दादा असता तर तुम्हाला असं बोलता आलं नसतं. आता इथे पाऊल टाकू नका."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. बाई परत आल्या त्या ताठ मानेनं, पण घरी येऊन टाचणीला जवळ घेतलं तेव्हा शिट्टीची दोरी सारखी बोटाभोवती गुंडाळत होत्या.

संध्याकाळी संशोधक मुलीचा फोन आला. बाईंना कमी ऐकू येतं म्हणून फोनचा आवाज नेहमी मोठा, त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं.

"आजी, पाचही नमुन्यांत मिसळलेली कुत्री एकच आहे. पिल्लांची आई. नमुना घ्यायच्या आधी पिल्लं दूध प्यायली होती का? मी सांगितलं होतं बघा, दोन तास आईपासून लांब ठेवायचं. नाहीतर दुधाबरोबर आईच्या पेशी पिल्लाच्या तोंडात राहतात."

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आजी? सांगितलं होतं ना मी?"

"सांगितलं असशील," बाई म्हणाल्या. "तू सांगत होतीस तेव्हा मी तुला सूचना कशा द्याव्यात हे सांगत होते."

पलीकडून हसू फुटलं, मग मुलीनं ते आवरलं. बाईंनी फोन ठेवला. मी शेंगा सोलत राहिले, कारण अशा वेळी दुसरं काही करता येत नाही. मग त्या म्हणाल्या, "एकेक पिल्लू मी माझ्या हातानं आईला लावलं. पाचही."

"हो."

"तुम्ही बघत होतात."

"मलाही कुठे माहीत होतं, बाई?"

"आणि मी त्यांना चार माणसांत..." त्यांनी गळ्यातली शिट्टी हातात घेतली. मग म्हणाल्या, "चार माणसांत वाजवली, तर चार माणसांतच मागे घेतली पाहिजे."

मला वाटलं, रात्री विचार बदलेल. इतक्या वर्षांची सवय. पण सकाळी दुकान उघडायच्या वेळेला बाई माझ्या दारात उभ्या. "चला. साक्षीदार हवा."

दुकानात पोस्टमन होते, पंक्चर घेऊन. त्यांच्या सायकलला खिळे कसे सापडतात देव जाणे. आणखी दोन-तीन माणसं होती. भाऊजींनी आम्हाला पाहून पाठ फिरवली. बाई उंबऱ्याच्या बाहेरच थांबल्या. आत पाऊल टाकायची बंदी होती ना. तिथूनच गळ्यातली शिट्टी काढली, हात लांब करून तेलकट लाकडी काउंटरवर ठेवली, आणि मैदानात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, फाउल माझा होता. पिल्लं मी आईला लावली, म्हणून नमुने बिघडले. तुम्ही काही केलं नव्हतं. शिट्टी मागे घेते."

पोस्टमनचं तोंड उघडंच राहिलं. मग ते हळूच पुढे सरकले.

"बाई, आता विषय निघालाच आहे तर... तो अंतिम सामन्यातला चेंडू..."

"एका दिवसाला एकच," बाई म्हणाल्या.

पहिल्यांदा जाऊबाई हसल्या, आतल्या दारातून. मग गिऱ्हाइकं. भाऊजींची पाठ तेवढी हलत होती, ती हसून की आणखी कशाने ते आम्हाला दिसलं नाही. ते वळले तेव्हा डोळे लाल होते. "वहिनी, आत या. तुम्हीही या," मला म्हणाले.

घराच्या त्या मधल्या दाराला लागून सुट्या भागांची खोली आहे. रिमा, मडगार्ड, टायरांच्या चळती. त्यांच्यामागे जाड गादी अंथरली होती आणि गादीवर शेपटी हलवत पाना. बाईंनी त्याला पिल्लू असताना पाहिलं होतं, नंतर भाऊजी 'लांबच्या मित्राला दिला' असं सांगत आले होते. पानाने बाईंना ओळखलं. मान डुलत होती, मागचे पाय दोन दिशांना. पण त्याच्या पोटाखालून एक कापडी पट्टा गेला होता, आणि पट्टा लहान मुलांच्या सायकलच्या दोन छोट्या चाकांना जोडलेला होता. भाऊजींनी स्वतः बनवलेला गाडा. चाकांना तेल इतकं व्यवस्थित दिलेलं, की तो आमच्याकडे आला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही.

"पायरीवरून पडला म्हणून सांगत होतो सगळ्यांना," भाऊजी म्हणाले. "स्वतःलाही तेच."

"माझ्याशीसुद्धा पायरी, पायरी!" जाऊबाई म्हणाल्या. "अहो, या घराला पायरी आहे कुठे?"

बाई खाली गादीवर बसल्या. मला धास्ती वाटली, आता सुनावतील. रीळ गेला तेव्हा एक शब्द जरी भाऊजी बोलले असते! त्या पानाच्या दाढीवरून हात फिरवत राहिल्या आणि म्हणाल्या, "गाडा फार सुरेख झालाय, भाऊजी. रीळला असा असता तर..." आणि मग, "तुम्ही एकट्यानेच सोसलंत की हो."

भाऊजी टायरांच्या चळतीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले.

त्याच दिवशी नमुने पुन्हा घेतले. पिल्लांची आई भाऊजींनी दुकानात नेऊन धरून ठेवली, ती तिकडून रडत होती, पिल्लं इकडून. बाई दोन्ही हात मांडीखाली घालून बसल्या होत्या, नाहीतर हात आपोआप पिल्लू उचलून नेईल म्हणून. जाऊबाई म्हणाल्या, "शाळेत पोरं रडली तर काय करायचात?" "पळायला लावायचे," बाई म्हणाल्या, "यांना अजून पळता येत नाही, हीच तर पंचाईत." वेळ पुरा झाला. ब्रश फिरले. पानाने तर ब्रश चाटूनच टाकला. पाकिटं या वेळी बाईंनी डकवली आणि पोस्टमनला सांगितलं, "जीव गेला तरी चालेल, पण हे पोचलं पाहिजे." ते म्हणाले, "कुणाचा जीव, बाई?"

शिट्टी दुकानातच राहिली. बाईंनी मागितली नाही, भाऊजींनी दिली नाही. ट्यूबा टांगायच्या खिळ्यावर ती लटकत असलेली मी येता-जाता पाहायची. बाई आता तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारत. कुत्र्यांना ती मुळीच कळत नसे.

पण खरी जादू भाऊजींनी केली. त्यांनी पानाला गाड्यासकट भर रस्त्यावरून फिरवायला सुरुवात केली. कुणी विचारलं की थांबून सांगत, "रक्तातला आजार आहे. आमच्या घराण्यात आहे. तुमच्याकडच्याचा नमुना दिलात का?" धनीच बोलतोय म्हटल्यावर बाकीच्यांची मूठ झाकून काय उपयोग? आठवडाभरात लोक आपणहून यायला लागले. कुणी म्हणालं, आमचीही वळताना घसरते. कुणी म्हणालं, आम्ही दुसऱ्या गावी दिलेल्याचे पाय असेच गेले होते, लाज वाटली म्हणून बोललो नाही. असे आणखी दोन आजारी कुत्रे सापडले. औषधवालेही आले, पडक्या कानाला हाताने आधार देत. "पायपुसण्याचा चालतो का नमुना?"

"पळतो," बाई म्हणाल्या आणि स्वतः ब्रश फिरवला.

मग थांबणं आलं. टाचणीच्या हनुवटीवर पहिला पांढरा केस दिसला तो बाईंनी उपटून टाकला, जसं काही त्याने वय थांबणार होतं. ऋतू उलटले. मुलगी फोनवर म्हणायची, "शोधतोय, आजी." बाई म्हणायच्या, "शोध, शोध. मी इथेच आहे. टाचणीचं मात्र सांगता येत नाही."

आणि एका दुपारी टेबलावर टाचणी, माझ्यासमोर भाजी, आणि फोन वाजला. मुलगी इतकी घाईघाईने बोलत होती की बाईंनी तिला दोनदा "दम घे" म्हटलं. सापडलं होतं. कुत्र्याच्या जनुकांच्या त्या अवाढव्य लिखाणात एका ठिकाणी एकच अक्षर चुकलेलं होतं. रीळमध्ये दोन्हीकडून चुकलेलं, पानामध्ये दोन्हीकडून, नव्याने सापडलेल्या त्या दोघांतही. पळणाऱ्यांपैकी एकातही दोन्हीकडून नाही. आता एका ब्रशावरून कुठलाही कुत्रा दोनबंदी की एकबंदी हे सांगता येणार होतं.

"एवढ्या मोठ्या लिखाणात एक अक्षर," बाई म्हणाल्या. "आणि तू ते शोधलंस. आमच्या शाळेत असतीस तर मी तुला कवायत माफ केली असती."

भाऊजींची पाच पिल्लं तपासली. दोन एकबंदी, बाकी दोनबंदी. कुणाचेही बटाटे सांडणार नव्हते. माझी बटण दोनबंदी. टाचणी एकबंदी. माझा चेहरा पडला, पण बाईंचा नाही. त्यांनी तोपर्यंत सगळं पाठ केलं होतं. टाचणीला दोनबंदी जोडीदार मिळाला, की एकाही पिल्लाला दोन्ही तुटके बंद मिळणं शक्य नाही.

आणि नात्यातला नसलेला, आसपासचा, हाताशी असलेला दोनबंदी निघाला कोण? औषधवाल्यांचा.

त्या दिवशी बाईंनी इस्त्रीची साडी नेसली. मी आणि भाऊजी सोबत. औषधवाले काउंटरमागे गंभीर चेहरा करून उभे, त्यांना आम्ही कशाला आलोय ते चांगलं कळलं होतं.

"आमच्या मुलीसाठी विचारायला आलोय," भाऊजी म्हणाले.

"मुलगा पसंत आहे का पण? मागे त्याला कुणीतरी काहीतरी म्हटलं होतं."

बाईंनी पदर सावरला. "कान पडका आहे. पण रक्त लाखमोलाचं. शब्द मागे घेते."

"परत एकदा म्हणा."

"एका दिवसाला एकच," मी आणि भाऊजी एका सुरात म्हणालो, आणि औषधवाल्यांचा गंभीरपणा तिथेच फुटला.

टाचणीला चार पिल्लं झाली. या वेळची नावं दुकानातून आली, पेडल, घंटी, चेन आणि ब्रेक. एकाचा कान पडका. बाई त्याला मिठाईसारखं हातावर घेऊन सगळ्यांना दाखवत.

रीळचे पाय दुमडायला लागले होते त्या वयाची पिल्लं झाली, तेव्हा बाईंनी सगळ्या घराण्याला शाळेच्या मैदानावर शर्यतीला बोलावलं. आपलं आपलं कुत्रं घेऊन सगळे आले. पोस्टमन, औषधवाले, जाऊबाई, दुसऱ्या गावाहून आलेली माणसं, आणि ती संशोधक मुलगी, फोनवरच्या आवाजापेक्षा बरीच बुटकी. पोस्टमनने स्वतःच्या हाताने चुन्याची रेघ मारली. "या वेळी वाद नको," म्हणाले.

बाईंनी बोटं तोंडात घातली, तेवढ्यात भाऊजींनी खिशातून शिट्टी काढली. पितळ घासून लखलखीत केलेलं, दोरी नवी, ब्रेकच्या तारेच्या वेष्टणाची. "वहिनी, तुमच्या बोटांचं कुणी ऐकत नाही."

बाईंनी ती गळ्यात घातली. मग एक लांब शिट्टी वाजली.

पेडल, घंटी, चेन, ब्रेक उधळले. सगळे पुढची तोंडं बघत ओरडत होते, बाई एकट्या मागचे पाय बघत होत्या. मैदानाच्या त्या टोकाला बाक आहे, तिथे वळण घ्यायचं होतं. वळण, जिथे रीळचं मागचं धड नेहमी निसटायचं. बाईंनी माझं मनगट पकडलं. चौघंही वळली. माती उडाली, सोळा पाय सोळा ठिकाणी नीट पडले, आणि चौघं आमच्याकडे धावत सुटली. बाईंची पकड सैल झाली. "वळली," त्या म्हणाल्या. "बघितलंत? वळली."

त्यांच्या खूप मागून, सगळी कुत्री पोचून पाणी पिऊन झाल्यावर, पाना आला. मान डुलत, दोन छोटी चाकं फिरत, दाढी वाऱ्यावर. भाऊजी बाजूने पळत होते, हात न लावता. रेषेच्या अलीकडे बोटभर अंतरावर तो दमला आणि थांबला. सगळं मैदान ओरडत होतं, त्याने इकडेतिकडे बघितलं आणि तिथेच आरामात पंजांवर दाढी टेकवली.

पोस्टमन रेघेशी वाकले, नीट निरखून बघितलं. "बाई, चाक रेषेला लागलं नाही."

"लागलं."

"अहो, चुना जसाच्या तसा आहे!"

बाईंनी शिट्टी ओठाला लावली आणि वाजवली. लांब, खणखणीत, शाळेच्या भिंतीवरून परत येईल अशी.

"मी पाहिलंय," त्या म्हणाल्या.

भाऊजींनी पानाला गाड्यासकट उचलून खांद्यावर घेतलं, आणि पोस्टमननेच सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या.